तलवार गेली, आता गल्ल्यावर बसायचंय



‘द लास्ट सामुराई’ तुमच्यापैकी बऱ्याच जणांनी पाहिला असेल. निदान त्याचे रील्स तरी नक्कीच पाहिले असतील. २००३ चा सिनेमा, दिग्दर्शक एडवर्ड झ्विक. टॉम क्रूझ हा अमेरिकन कॅप्टन अल्ग्रेन. जपानच्या नव्या फौजेला बंदूक शिकवायला येतो, पहिल्याच लढाईत पकडला जातो आणि सामुराईंच्या गावात एक हिवाळा काढतो. तिथला सरदार कात्सुमोतो म्हणजे केन वातानाबे. मला विचाराल तर सिनेमा त्याचाच आहे, टॉम क्रूझचा नाही.

मोटिव्हेशनवाल्यांनी यातून एकच गोष्ट उचलली, ती म्हणजे नशीब. कात्सुमोतो विचारतो, माणूस आपलं नशीब बदलू शकतो का? अल्ग्रेनचं उत्तर साधारण असं, की नशीब समोर येऊन उभं राहीपर्यंत माणसाने जमेल ते करत राहावं. टाळ्या! पण पुढे काय होतं बघा ना. घोड्यावरून तलवारी उपसून हे लोक थेट गॅटलिंग गनवर चालून जातात आणि कापले जातात. अंगावर काटा येतो, खरंय. पण मी पडलो दुकानदार. मला प्रश्न पडतो, की जे मेले ते मेले, जे उरले त्यांनी घर कसं चालवलं?

ते सिनेमात नाही, इतिहासात आहे. आणि तुमच्या-माझ्या कामाचं तेच आहे.

कात्सुमोतो ज्याच्यावरून बेतलाय तो साइगो ताकामोरी. त्याचं १८७७ चं बंड २४ सप्टेंबरला कागोशिमातल्या शिरोयामा टेकडीवर संपलं. आणि हो, साइगोच्या माणसांकडे बंदुका होत्या, तोफाही होत्या. जपानमध्ये बंदूक १५४३ सालीच पोचली होती. सामुराईंना बंदुकीचा तिटकारा वगैरे, हा हॉलिवूडचा मसाला.

खरा घाव त्याच्या आदल्या वर्षी बसला. १८७६ च्या मार्चमध्ये हुकूम निघाला, की यापुढे कमरेला तलवार लावायची नाही. (सिनेमात भर रस्त्यात कात्सुमोतोच्या मुलाची शेंडी कापतात, तलवार काढून घेतात, तो सीन आठवा.) ऑगस्टमध्ये त्याहून मोठा दणका. पिढ्यानपिढ्या घरबसल्या मिळणारं वेतन बंद, त्याऐवजी सरकारी रोखे. म्हणजे पगार संपला, हातात एकरकमी कागद आला, आता तुमचं तुम्ही बघा.

अनेकांनी दुकानं काढली आणि त्यातली बरीच बुडाली. जपानी भाषेत त्यावरून एक म्हणच रुळली, ‘शिझोकु नो शोहो’. शिझोकु म्हणजे माजी सामुराई, शोहो म्हणजे धंद्याची रीत. कोणी अनुभवाशिवाय, ताठ मानेने धंद्यात उतरून हात पोळून घेतले की तिथे हे शब्द वापरतात. या लोकांना कष्टाची भीती नव्हती, पहाटे उठून तलवारीचा सराव करणारी माणसं ती! अडलं ते एका ठिकाणी. गिऱ्हाईक समोर आलं की वाकायचं कोणी? काल जो व्यापारी आपल्याला बघून वाट सोडायचा, त्याला आज ‘या, काय देऊ?’ म्हणायचं कसं?

हसू नका. आमच्या बॅचमध्ये दर वेळी असा एक तरी असतो. व्हीआरएसचे पैसे आलेत, किंवा जमीन विकलीय. फर्निचर झालं, एसी बसला, केबिनही झाली. काउंटरला मात्र पोरगा ठेवणार. का, तर ‘सर, आमच्या घराण्यात कोणी वजनकाटा धरला नाही.’ मी त्यांना सांगतो, साहेब, पहिले सहा महिने केबिनला कुलूप लावा. गिऱ्हाईक काय मागून रिकाम्या हाताने परत गेलं, हे त्या पोराला विचारून कळत नाही. तिथे उभं राहावं लागतं.

आता दुसरी बाजू. इवासाकी यातारो हा खालच्या दर्जाच्या सामुराई घराण्यातला, आणि घराण्याने तो दर्जाही विकून टाकलेला. याने बोटींचा धंदा उभा केला, तीच पुढची मित्सुबिशी. त्याचा एक किस्सा सांगतात. इशिकावा शिचिझाई नावाचा त्याचा सहकारी, तोही सामुराई. त्याला गिऱ्हाइकापुढे मान झुकवायला जड जायचं. इवासाकीने त्याला पंखा दिला, त्यावर सोन्याच्या नाण्याचं चित्र. म्हणाला, माणसापुढे वाकवत नसेल तर या नाण्यापुढे वाकतोय असं समज. मला हा किस्सा प्रचंड आवडतो, कारण त्यात उपदेश नाही, सोय आहे.

आणि गंमत बघा. १८७७ मध्ये साइगोवर चालून गेलेली सरकारी फौज दक्षिणेला नेली कोणी? मित्सुबिशीच्या बोटींनी. त्या वाहतुकीत कंपनीने भरपूर कमावलं. बरं वाटतं का ऐकून? मला नाही वाटत पूर्णपणे. पण एकाच वर्गातली दोन माणसं एकाच वर्षात कुठे उभी होती, ते दिसतं. (याच जहाज धंद्यातून १८८५ मध्ये विलीनीकरणाने निप्पॉन युसेन कंपनी झाली आणि १८९३ मध्ये जमशेटजी टाटांच्या साथीने तिची मुंबई-कोबे लाइन सुरू झाली, कापूस न्यायला.)

सिनेमा बघाच, पण शेवटच्या लढाईसाठी नको. मधला गावातला भाग नीट बघा. सकाळ होते, कोणी तलवार घडवतोय, कोणी बाण मारतोय, घरात स्वयंपाक चाललाय. प्रत्येकजण हातातल्या कामात बुडालेला. तलवारबाजीत सारखा हरणाऱ्या अल्ग्रेनला कात्सुमोतोचा मुलगा सांगतो, की तुझं लक्ष बघणाऱ्यांकडे आहे, तलवारीकडे आहे, समोरच्याकडे आहे, म्हणजे फार ठिकाणी आहे. नवीन दुकान टाकलेल्या माणसाला हे अगदी लागू. समोर गिऱ्हाईक उभं, आणि याचं लक्ष शेजारच्या दुकानातल्या गर्दीकडे!

व्हीआरएसवाल्यांनी मला कमेंटमध्ये दोन आकडे कळवा, एकूण हाती आलेली रक्कम आणि महिन्याचा घरखर्च. पुढच्या व्हिडिओत त्यातून आधी घरखर्च कसा बाजूला काढायचा आणि उरलेल्यातून माल किती भरायचा, ते वहीवर मांडून दाखवतो.