आरशाच्या कॅमेऱ्याचे उत्तरायुष्य

ठाण्यापासून डोंबिवली-कल्याणपर्यंतच्या मध्यमवर्गीय घरांत, कपाटाच्या वरच्या कप्प्यात, मूळ काळ्या पिशवीसह ठेवून दिलेला डिजिटल एसएलआर कॅमेरा आढळणे आता इतके सामान्य झाले आहे, की त्या यंत्राची चौकशीही कोणी करीत नाही. साधारणपणे २००६ ते २०१४ या काळात हप्त्यांवर किंवा दिवाळीच्या बोनसमधून घेतलेल्या या कॅमेऱ्याने बारशी, मुंजी, गडांवरच्या सहली आणि सोसायटीचे गणपती टिपले. पुढे मोबाइलचा कॅमेरा सुधारला, २०१८ मध्ये निकॉन आणि कॅनन या दोन्ही कंपन्यांनी आरसा नसलेल्या कॅमेऱ्यांच्या नव्या मालिका आणल्या, आणि बाजाराने जुन्या यंत्राला ‘कालबाह्य’ ठरवून टाकले. कॅमेऱ्याचे वय त्याच्या जन्मसालावरून काढण्याची ही रीत मुळातच चुकीची आहे. पंधरा वर्षांपूर्वीचा डीएसएलआर जेव्हा निकामी होतो तेव्हा तो झडप झिजल्यामुळे, काचेवर बुरशी धरल्यामुळे किंवा त्याची बॅटरी मिळेनाशी झाल्यामुळे होतो. या तिन्ही गोष्टी सांभाळलेल्या असतील तर त्याचे चित्र पहिल्या दिवशी होते तसेच आजही उमटते.

एसएलआर म्हणजे एकाच भिंगातून पाहणारा आणि त्याच भिंगातून चित्र घेणारा, आरशाचा कॅमेरा. भिंगातून आत आलेला प्रकाश ४५ अंशांत तिरप्या बसवलेल्या आरशावर आपटून वर जातो, तेथे पाच बाजूंच्या लोलकातून फिरून सुलट होतो आणि डोळ्यापाशी पोहोचतो. म्हणजे व्ह्यूफाइंडरमध्ये दिसते ती इलेक्ट्रॉनिक पडद्यावरची प्रतिमा नसून समोरच्या वस्तूवरून आलेला प्रत्यक्ष प्रकाशच असतो. मुख्य आरशाचा मधला भाग किंचित पारदर्शक असतो आणि त्यामागच्या छोट्या आरशावरून थोडा प्रकाश कॅमेऱ्याच्या तळाशी असलेल्या फोकस-यंत्रणेकडे जातो. बटण दाबताच दोन्ही आरसे वर उचलले जातात, झडपेचे दोन पडदे एकामागून एक सरकतात, सेन्सरवर प्रकाश पडतो आणि आरसे खाली येतात. या उचलण्या-पडण्याचा जो ‘खटॅक्’ आवाज होतो, तो या यंत्राचा श्वासोच्छ्वासच होय. लोलक काचेचा असल्याने महाग आणि जड पडतो, म्हणून स्वस्त बॉडींत त्याच्या जागी आरशांचीच रचना बसवलेली असते. निकॉन डी८० आणि डी४० शेजारी ठेवून पाहिले तर पहिल्यातले दृश्य मोठे आणि उजळ, दुसऱ्यातले लहान आणि किंचित मंद का दिसते, याचे उत्तर या फरकात आहे.

निकॉनचा डी१ हा २७ लाख पिक्सेलांचा कॅमेरा १९९९ मध्ये आला तेव्हा तो वृत्तपत्रांच्या आणि मोठ्या स्टुडिओंच्याच आवाक्यातला होता. कॅननच्या ३००डी ने २००३ मध्ये आणि निकॉनच्या डी७० ने २००४ मध्ये हौशी माणसासाठी दार उघडले. पाठोपाठ २००६ मध्ये डी८० व डी४०, आणि २००८ मध्ये चलचित्र घेऊ शकणारा पहिला डीएसएलआर म्हणून डी९० आला. यांपैकी आरंभीच्या निकॉन बॉडींत सीसीडी या प्रकारचा सेन्सर होता. त्यात प्रत्येक बिंदूवर साठलेला विद्युतभार राहाटगाडग्याच्या पोहऱ्यांप्रमाणे एका घरातून पुढच्या घरात सरकत कडेपर्यंत नेला जातो आणि तेथे मोजला जातो. नंतरच्या सीमॉस सेन्सरमध्ये प्रत्येक बिंदूपाशीच भार वाचण्याची सोय असते, त्यामुळे वेग वाढतो, वीज कमी लागते आणि अंधारात चित्रावर येणारा रवाही घटतो. अलीकडे जुन्या सीसीडी कॅमेऱ्यांच्या रंगांचे मोठे कौतुक होते आणि त्यापायी त्यांच्या किमतीही वाढतात, परंतु रंगांतला हा फरक प्रामुख्याने सेन्सरवरच्या लाल-हिरव्या-निळ्या गाळण्यांमुळे आणि कंपनीने त्या काळी निवडलेल्या रंगप्रक्रियेमुळे पडतो, भार वाहण्याच्या पद्धतीमुळे नव्हे. डी४० चे रंग गोड आहेत हे खरेच. त्यांचे श्रेय मात्र योग्य ठिकाणी दिले पाहिजे.

जुन्या बॉडीचे खरे सामर्थ्य तिच्या तोंडाशी, म्हणजे भिंग बसवण्याच्या कड्यापाशी आहे. निकॉनचे एफ कडे १९५९ पासून आणि कॅननचे ईएफ कडे १९८७ पासून चालत आल्यामुळे, आजोबांच्या फिल्म कॅमेऱ्यावरचे भिंग नातीच्या डिजिटल बॉडीवर चढू शकते. निकॉनच्या बाबतीत येथे एक अट आड येते, आणि सेकंडहँड बॉडी घेणाऱ्यांची सर्वाधिक फसगत तिच्यामुळेच होते. डी८० आणि डी९० यांच्या कड्यात डावीकडे खाली पेचकसाच्या टोकासारखा एक बारीक दांडा दिसतो. बॉडीतली मोटर तो फिरवते आणि त्याच्याच जोरावर जुन्या ऑटोफोकस भिंगाचे काचगट पुढे-मागे सरकतात. डी४० मध्ये आणि पुढच्या डी३००० व डी५००० या वर्गांत ही मोटर नाही. त्यामुळे ५० एमएमचे एफ/१.८ डी हे स्वस्त आणि अतिशय धारदार भिंग त्यांवर बसते, प्रकाशही मोजते, पण फोकस हातानेच करावा लागतो. किमतीत फरक थोडाच असेल तर दांडा असलेली बॉडी घेणे केव्हाही शहाणपणाचे.

जपानी कॅमेरा-उत्पादकांच्या संघटनेच्या आकडेवारीनुसार २०१२ मध्ये जगभर सुमारे १ कोटी ६० लाख एसएलआर कॅमेरे कारखान्यांतून बाहेर पडले. दहा वर्षांनी, २०२२ मध्ये, हा आकडा २० लाखांच्या आत आला. त्या भरतीच्या काळातले कॅमेरे आता ओहोटीला किनाऱ्यावर राहिले आहेत. ठाणे-डोंबिवलीच्या ग्राहकासाठी त्यांचा जुना बाजार म्हणजे मुंबईच्या फोर्टातला बोरा बाजार आणि त्याच्या आसपासच्या गल्ल्या. फास्ट लोकलने सीएसएमटीला उतरले की तो चालत जाण्याच्या अंतरावर आहे. येथे येणाऱ्या बॉडींपैकी बऱ्याच लग्नाच्या छायाचित्रकारांच्या हाताखालून गेलेल्या असतात, आणि एकेका लग्नसराईत त्यांची झडप हजारो वेळा पडलेली असते. डी९० ची झडप एक लाख उघडझापींपर्यंत चाचणी करून दिलेली होती. निकॉनच्या प्रत्येक छायाचित्राच्या फायलीत हा उघडझापींचा आकडा, म्हणजे शटर काउंट, दडलेला असतो, म्हणून विक्रेत्यासमोर एक फोटो काढून तो तपासता येतो. कॅननच्या बहुतेक जुन्या बॉडी मात्र तो फायलीत लिहीत नाहीत, तेथे बॉडी संगणकाला जोडून वेगळ्या सॉफ्टवेअरची मदत घ्यावी लागते.

झडपेनंतर कार्डाची खाच पाहावी. डी७० किंवा कॅनन ५डी यांसारख्या बॉडींत कॉम्पॅक्टफ्लॅश कार्ड लागते, आणि त्याच्या खाचेच्या तळाशी केसासारख्या ५० पिना दोन ओळींत उभ्या असतात. कोणी घाईत कार्ड तिरके लोटले की त्यांतली एखादी वाकते, आणि त्यानंतर कॅमेरा कार्ड ओळखत नाही किंवा अर्ध्याच फायली लिहितो. म्हणून खाचेत प्रकाश टाकून पिनांच्या दोन्ही रांगा शेवटपर्यंत सरळ आहेत का, हे पाहिल्याशिवाय पैसे मोजू नयेत. एसडी कार्डाच्या बॉडींत ही भीती नाही, पण डी९० ला ३२ जीबीपर्यंतचीच कार्डे चालतात. दुकानात सहज मिळणारे ६४ जीबीचे कार्ड घालून ‘कॅमेरा बिघडला’ असा निष्कर्ष काढणे चुकीचे ठरते. बॅटरीच्या बाबतीत सुदैवाने जुन्या यंत्रांची बाजू बळकट आहे, कारण निकॉनची ईएन-ईएल३ई ही एकच बॅटरी डी८०, डी९०, डी२००, डी३०० आणि डी७०० यांना चालते, तर कॅननची बीपी-५११ मालिका ३००डी पासून ५डी पर्यंत, आणि गिऱ्हाईक इतके असल्याने इतर कंपन्यांनी त्यांची नक्कल आजही चालू ठेवली आहे. नकली बॅटरी फुगली तर बॉडीत अडकते, म्हणून ती उन्हाळ्यात कॅमेऱ्याबाहेर ठेवणे बरे.

या प्रदेशात कॅमेऱ्याचा सर्वांत मोठा शत्रू कोण, या प्रश्नाला एकच उत्तर आहे: पावसाळा. एका बाजूला ठाण्याची खाडी, दुसऱ्या बाजूला उल्हास नदी, आणि जुलै-ऑगस्टमध्ये हवेतली सापेक्ष आर्द्रता बहुतेक दिवस ८० टक्क्यांच्या वर. भिंगाला ४० ते ५० टक्के आर्द्रता मानवते. त्याहून बरीच अधिक असेल आणि भिंग अंधाऱ्या पिशवीत पडून असेल तर काचेवर बुरशी धरते. ती ओळखण्यासाठी भिंगाचे छिद्र पूर्ण उघडावे, मागच्या बाजूने मोबाइलची विजेरी तिरकी धरावी आणि पुढच्या काचेतून सावकाश पाहावे: निरोगी भिंगात धुळीचे चार ठिपके चमकतात, बुरशी लागलेल्या भिंगात कोळ्याच्या जाळ्यासारखे, कडेकडून मध्याकडे फाटे फुटत येणारे पांढुरके तंतू दिसतात. सुरुवातीला ते पुसून निघतात, परंतु बुरशीतून पाझरणारे आम्ल काचेवरचा लेप खाऊ लागले की डाग कायमचा राहतो आणि उजेडाकडे पाहताना चित्रावर दुधाळ पडदा येतो. अनेक घरांत कॅमेरा तांदळाच्या डब्यात ठेवण्याची युक्ती प्रचलित आहे. ती टाळावी, कारण तांदूळ ओलावा फारसा शोषत नाहीत आणि त्यांची पिठी कड्यांच्या फटींत शिरते. स्वयंपाकघरातला झाकण घट्ट बसणारा प्लॅस्टिकचा डबा, आत सिलिका जेल आणि शंभर-दोनशे रुपयांचा आर्द्रतामापक, एवढ्यावर काम भागते. निळे सिलिका जेल ओलावा पिऊन गुलाबी झाले की मंद आचेवर तापवून पुन्हा निळे करता येते. त्याच ओलाव्याने हातपकडीचे रबर फुगून सुटते, पण तो दोष वरवरचा असून थोड्या गोंदाने दुरुस्त होतो.

आता प्रत्यक्ष छायाचित्रणाकडे वळता येईल. व्ह्यूफाइंडरमध्ये प्रत्यक्ष प्रकाश दिसतो, याचा अर्थ असाही होतो की चित्र काळे येणार की पांढरे पडणार हे आधी दिसत नाही. मोबाइलच्या पडद्यावर ते आधीच दिसते, येथे छायाचित्रकाराला ओळखावे लागते. अंबरनाथचे शिवमंदिर हे त्यासाठी उत्तम अभ्यासस्थान आहे. शिलाहारांच्या काळात, शके ९८२ म्हणजे इ.स. १०६० मध्ये बांधलेल्या या मंदिराचा दगड काळा बेसाल्ट आहे, आणि कॅमेऱ्यातला प्रकाशमापक समोरचे सारे सरासरीने मध्यम राखाडी आहे असे गृहीत धरून चालतो. काळ्या भिंतीने चौकट भरली की तो तिला राखाडी करण्यासाठी प्रकाश वाढवतो; परिणामी दगड धुतल्यासारखा फिका येतो आणि शिखरामागचे आकाश जळून पांढरे होते. अशा वेळी अधिक-वजा खुणेचे बटण दाबून मापकाला वजा ०.७ ते वजा १ ची दुरुस्ती सांगितली, की बाह्यभिंतीवरच्या मूर्तींचे कोपरे, त्यांवर साचलेले शेवाळ आणि दगडाचा मूळ काळेपणा एकत्र परततात. त्याखेरीज चित्र रॉ स्वरूपात, म्हणजे सेन्सरने दिलेल्या कच्च्या नोंदीच्या रूपात, साठवावे: जेपेगमध्ये प्रत्येक रंगाच्या २५६ पायऱ्या उरतात, तर डी९० च्या १२ बिटी रॉ फायलीत ४०९६, आणि सावलीतला तपशील नंतर वर काढायचा तो या जादा पायऱ्यांच्या आधारावरच.

ठाण्याच्या खाडीवर अडचण नेमकी उलटी होते. २०१५ मध्ये फ्लेमिंगो अभयारण्य म्हणून घोषित झालेला आणि २०२२ मध्ये रामसर यादीत गेलेला हा पाणथळ पट्टा हिवाळ्यापासून मेपर्यंत रोहित पक्ष्यांनी भरतो. फिकट गुलाबी पक्षी आणि चकाकणारे पाणी पाहून मापक प्रकाश कमी करतो, म्हणून दुरुस्ती अधिक बाजूला द्यावी लागते. लहान सेन्सरचा लाभ येथे मिळतो: डी९० चा सेन्सर फिल्मच्या ३६ × २४ मिमी चौकटीपेक्षा दीडपट लहान असल्याने ३०० एमएमचे भिंग ४५० एमएमइतका अरुंद कोन टिपते, आणि ऐरोलीच्या बाजूने बोटीतून जाणाऱ्याला थवा बराच जवळ येतो. सेकंदाला साडेचार चित्रांचा वेग उडत्या थव्याला पुरतो. अकरा फोकसबिंदूंपैकी मधलाच सर्वांत विश्वासार्ह असल्याने पक्षी मध्यभागी ठेवून चौकट नंतर कापावी.

अंधारात मात्र या यंत्रांना आपली पायरी ओळखून वापरावे लागते. ठाण्याच्या गडकरी रंगायतनातल्या किंवा डोंबिवलीच्या सावित्रीबाई फुले नाट्यगृहातल्या रंगीत तालमीत डी८० चा आयएसओ, म्हणजे प्रकाश-संवेदनेची पातळी, १६०० वर नेला की सावल्यांत रंगीत रवा उमटतो. डी९० मध्ये तो तेवढ्याच पातळीवर पुष्कळ सौम्य असतो, आणि ३६ × २४ मिमी सेन्सरचा डी७०० तर आजही अशा रंगमंचासाठी मनापासून शिफारस करण्याजोगा आहे. ५० एमएमचे एफ/१.८ भिंग कॅमेऱ्यासोबत मिळणाऱ्या किट लेन्सपेक्षा कित्येक पट प्रकाश आत घेते, म्हणून नवी बॉडी घेण्याआधी ते घेणे अधिक हिताचे. छपाईच्या दृष्टीने १ कोटी २३ लाख पिक्सेल अपुरे पडतात, ही समजूतही गणिताने दूर होते: डी९० चे ४२८८ × २८४८ बिंदूंचे चित्र इंचाला ३०० बिंदू या दराने १४ × ९ इंचांहून मोठे छापले जाते, आणि भिंतीवर टांगून चार पावलांवरून पाहायचे असेल तर याच्या दुप्पट मापालाही ते सहज पुरते.

वर्षभराचा क्रम असा लागतो, की दिवाळीच्या पहाटे डोंबिवलीच्या फडके रोडवर जमलेल्या तरुणाईच्या गर्दीपासून कॅमेरा डब्याबाहेर निघतो, थंडीत भोपरच्या टेकडीवर आणि येऊरच्या जंगलात पक्ष्यांमागे फिरतो, गुढीपाडव्याच्या शोभायात्रेत नऊवारी आणि फेट्यांच्या कडक उन्हातल्या रंगांना सामोरा जातो, आणि मेअखेर खाडीवरचे रोहित निघून जाऊ लागले की परत येतो. मृग लागण्याआधी ब्लोअरने भिंगाच्या कड्यावरची धूळ उडवावी, एफ/१६ वर मोकळ्या आकाशाचा फोटो काढून सेन्सरवरचे डाग पाहावेत, बॅटरी काढून घ्यावी आणि बॉडी ताज्या तापवलेल्या सिलिका जेलसह डब्यात बंद करावी. त्यानंतरच्या चार महिन्यांत आठवड्यातून एकदा, कोरड्या खोलीत, ती बाहेर काढून, बॅटरी घालून पाच-सहा वेळा झडप पाडावी आणि भिंगाला खिडकीपाशी थोडा उजेड दाखवावा.