परमुलखांतून आलेला धोंडा

शेतांत मोठा धोंडा लागला म्हणजे तो फोडावा व बांधास किंवा घराच्या जोत्यास लावावा, ही शेतकऱ्यांची सर्वत्र चालत आलेली रीत आहे. आणि तींत गैर असें कांहीं नाहीं. तथापि एक धोंडा फुटूं नये म्हणून एका देशांतील शास्त्रज्ञांनीं पैसा उभा करून तो विकत घेतला, ही हकीकत आमच्या वाचकांस कळावी असें वाटल्यावरून येथें देत आहों.

स्वित्झर्लंडांत ऱ्होन नदीच्या खोऱ्यांत माँथे नांवाचें गांव आहे. तेथील डोंगरउतारावर ‘मार्मेतची शिळा’ म्हणून एक प्रचंड धोंडा उभा आहे. त्याच्या माथ्यावर एक लहानसें घर बांधलेलें आहे, यावरूनच त्याच्या विस्ताराची कल्पना यावी. त्याचें घनफळ सुमारें १८०० घनमीटर भरतें. तो फोडून दहा टनांच्या मालमोटारींतून न्यावयाचा म्हटल्यास साडेचारशेंहून अधिक खेपा लागतील.

आपल्या काळ्या रानांतील धोंडे बहुधा तेथल्याच खडकाचे असतात. खडक झिजतो, माती होते व कठीण गाभा उरतो. माँथेचा धोंडा तसा नव्हे. तो पांढुरक्या ग्रॅनाइटचा आहे, आणि हा दगड दूरच्या माँ ब्लाँ पर्वताकडील आहे. पाण्यानें वाहून आणावा तर एवढें ओझें कोणता पूर उचलील? शिवाय पाण्यांत लोळलेला दगड गोटा होतो. ह्याचे कंगोरे शाबूत आहेत.

हें कोडें प्रथम ज्यांनीं उलगडलें त्यांत एक डोंगरी माणूस होता, याचा आम्हांस विशेष आनंद वाटतो. लुर्तिए खेड्यांतील झां पिएर पेरोदां हा सुतारकी व शिकार करणारा गृहस्थ. आपल्या खोऱ्यांतील खडकांवरचे ओरखडे पाहून, पूर्वीं हें खोरें हिमनदीनें भरलेलें होतें व तिनेंच हे धोंडे आणून टाकले, असें त्याचें मत झालें. १८१५ सालीं बे येथील मिठाच्या खाणींचे अधिकारी झां द शार्पांतिए त्याच्या घरीं उतरले असतां त्यानें तें त्यांस सांगितलें. शार्पांतिए यांस तें इतकें अचाट वाटलें कीं त्यांनीं त्याचा विचारही केला नाहीं! पुढें व्हेनेट्झ नांवाच्या इंजिनिअरानें तेंच मत धरलें, तेव्हां कोठें शार्पांतिए यांनीं खंडन करण्याच्या हेतूनें शोध आरंभिला, आणि अखेर स्वतःच पटून १८३४ सालीं तें विद्वानांपुढें मांडलें. १८३६ सालीं लुई आगासिझ हे बे येथें आले; तेही शंका घेऊन आले व खात्री होऊन परतले. त्यांचा ग्रंथ १८४० सालीं, म्हणजे शार्पांतिए यांच्या ग्रंथाच्या एक वर्ष आधीं, निघाला व कीर्ति बहुतेक त्यांसच मिळाली. पेरोदांचें नांव फारसें कोणी घेत नाहीं.

इकडे माँथेच्या आसपासचे असले धोंडे इमारतीच्या कामासाठीं फुटत होतेच. १९०५ च्या सुमारास ही शिळाही पाथरवटी धंद्यासाठीं विकली गेली. घेणाऱ्यास दोष देण्याचें कारण नाहीं. दगड फोडणें हेंच त्याचें पोट. पण तेथील शास्त्रज्ञांच्या संस्थेनें बोभाटा केला व १९०८ सालीं धोंडा आपल्या मालकीचा करून घेतला. ह्याच खटपटींतून १९०६ सालीं पॉल सारासिन यांच्या अध्यक्षतेखालीं निसर्गरक्षणाची समिति नेमली गेली. १९०९ सालीं वर्षाला एक फ्रँक वर्गणीचा संघ निघाला, व १९१४ सालीं एंगाडीन भागांत त्या देशाचें राष्ट्रीय उद्यान झालें.

हिमनदीचा संबंध आपल्या मुलखास मुळींच नाहीं, असें मात्र कोणी समजूं नये. चंद्रपूर जिल्ह्यांत इरई गांवाजवळ सुमारें तीस कोटी वर्षांपूर्वींच्या बर्फानें घासलेला चुनखडीचा खडक व ओरखडे उठलेले धोंडे गेल्या शतकापूर्वींच, १८७० नंतरच्या दशकांत, भूगर्भशास्त्रज्ञांनीं नोंदले आहेत. त्या बाजूच्या आमच्या बांधवांस नांगरतां किंवा विहीर खणतां असा दगड सांपडल्यास, एका दिशेनें गेलेल्या समांतर रेघा त्यावर आहेत कीं काय हें धुऊन पाहावें, व मगच पहार हातीं घ्यावी.