पुणे ते नागपूर: ६०५ किलोमीटर म्हणजे नक्की किती वेळ?

आजचा भाग छोटा आहे, आणि त्यातली चूक माझीच आहे.

गेल्या वर्षी बाबांचं ऑपरेशन होतं. नागपुरात, दुपारी १२ वाजता. मी पुण्यात. रात्री आईला फोनवर म्हणालो, "दहाची फ्लाइट आहे, पाऊण तासाचा प्रवास. सव्वाअकराला तुझ्याजवळ असतो."

हा पाऊण तास मी आणला कुठून? कोडमधून! दोन्ही विमानतळांचे अक्षांश-रेखांश घेतले. लोहगाव साधारण १८.५८ उत्तर, ७३.९२ पूर्व. नागपूर २१.०९ उत्तर, ७९.०५ पूर्व. पृथ्वी गोल आहे, म्हणून हॅवरसाइन सूत्र वापरायचं, त्रिज्या ६३७१ किलोमीटर धरायची. उत्तर येतं सुमारे ६०५ किलोमीटर. रस्त्याने हेच अंतर ७०० च्या वर जातं. जेट विमानाचा वेग ताशी ८३० धरला, भागाकार केला. ४४ मिनिटं. झालं!

गणित बरोबर होतं, पण प्रश्नच चुकीचा होता.

एक म्हणजे, ८३० हा वर पोचल्यानंतरचा वेग. दहा हजार फुटांखाली साधारणपणे २५० नॉटची, म्हणजे ताशी सुमारे ४६० किलोमीटरची मर्यादा असते. एवढ्या छोट्या प्रवासात चढण्या-उतरण्यातच बराच वेळ जातो. एटीआरसारखं पंख्याचं विमान असेल, तर वरचा वेगही ५०० च्या आसपासच.

दुसरं, विमान सरळ रेषेत जात नाही. पुण्याची धावपट्टी साधारण पूर्व-पश्चिम आहे. पश्चिमेकडे टेकऑफ झाला, तर नागपूरसाठी उलटं वळायचं. शिवाय लोहगाव हा हवाई दलाचा तळ, म्हणजे धावपट्टी वाटून घ्यायची.

तिसरं, वारा. हिवाळ्यात वरचे वारे बहुधा पश्चिमेकडून पूर्वेकडे वाहतात. समजा वारा ताशी १०० चा आहे. मग वरच्या वेगाने हेच अंतर जाताना ३९ मिनिटांत, येताना ५० मिनिटांत.

आणि तिकिटावरची वेळ? ती हवेतली नसतेच. विमान जागेवरून हललं, तिथपासून नागपुरात जागेवर थांबेपर्यंतची असते. रांगेत उभं राहणं, टॅक्सी करणं, सगळं त्यात धरलेलं. म्हणून तिथे दीड तासाच्या आसपास लिहिलेलं असतं. मी ते वाचलं होतं, पण म्हटलं, कंपन्या वाढवूनच लिहितात.

आता खरा हिशोब बघा. हिंजवडीहून लोहगाव दीड तास. विमानतळावर दीड तास. विमानात दीड तास. बॅग, कॅब, हॉस्पिटल मिळून एक तास. एकूण साडेपाच तास! सातला घर सोडलेला मी साडेबाराला पोचलो. बाबांना आत नेलं होतं. आई कॉरिडॉरमध्ये एकटी बसली होती. म्हणाली, "आत जाताना दोनदा विचारलं त्यांनी, आला का म्हणून."

बाबा आता ठणठणीत आहेत. पण ऑपरेशन सांगून ठरलेलं होतं. आदल्या रात्रीच निघता आलं असतं मला.

तेव्हा घरचं कुणी विचारलं, "किती वेळात येशील?", तर विमानाचा वेळ सांगू नका. दारापासून दारापर्यंतचा सांगा, आणि वर अर्धा तास ठेवा.

तुमच्या गावचा हिशोब किती येतो? व्हॉइस नोट पाठवा. भेटू पुढच्या भागात!