शांघायमध्यें नोकरी शोधतांना

मुंबईची ससून गोदी आणि पुण्याचें ससून रुग्णालय आपल्यापैकीं बहुतेकांच्या परिचयाचीं आहेत. ज्या घराण्याचें नांव या दोहोंना मिळालें, त्याच घराण्यानें मुंबईंत राहून चीनशीं मोठा व्यापार केला, आणि त्यांतल्याच व्हिक्टर ससून यांनीं १९२९ मध्यें शांघायला हुआंगपू नदीच्या कांठीं 'ससून हाऊस' ही टोलेजंग इमारत उभारली. ती इमारत आजही तेथें आहे. तींत आतां हॉटेल चालतें. त्या काळीं मुंबईहून बोटीनें निघालेला माणूस शांघायच्या धक्क्यावर उतरे, आणि 'तुम्ही कोण, कोठले, कशासाठीं आलांत' असें त्याला सहसा कोणी विचारीत नसे. १९३० नंतरच्या दशकांत युरोपांतून परागंदा झालेले हजारों ज्यू याच शहराच्या आश्रयाला आले, याचें एक मोठें कारण हेंच कीं, जगाचीं इतर दारें बंद होत असतां येथें उतरण्यासाठीं व्हिसा लागत नव्हता.

ती स्थिति इतिहासजमा झाली. आजच्या शांघायमध्यें परक्या माणसाला वेतन घेऊन काम करावयाचें असेल, तर त्याच्या हातीं सरकारी परवाना असावा लागतो. आणि हा परवाना सामान्यतः त्याला स्वतःला मागतां येत नाहीं, त्याच्यासाठीं तो मालकानें मागावा लागतो. माझ्या आजच्या भाषणाचें सार एवढेंच आहे. शांघायमध्यें नोकरी शोधणें म्हणजे आपल्यासाठीं परवाना मागण्यास पात्र आणि राजी असलेला मालक शोधणें होय. ही गोष्ट ज्यांच्या ध्यानांत वेळीं येत नाहीं, त्यांच्यापैकीं कांहींचें केवळ पैशाचें नुकसान होतें, तर कांहींवर कोठडी पाहण्याचा प्रसंग येतो.

प्रथम शहराची कल्पना घेऊं. २०२० च्या शिरगणतींत शांघायची वस्ती २ कोटी ४८ लाखांहून अधिक भरली. हाँगकाँग, मकाव व तैवान येथील रहिवासी आणि सर्व परदेशी नागरिक मिळून त्यांत १ लाख ६४ हजारांच्या आंतच होते. म्हणजे शेंकडा एकही नाहीं. एवढ्या अफाट शहरांत आपल्याला कोठेंतरी कोपरा मिळेलच, असें मुंबईच्या माणसाला वाटणें स्वाभाविक आहे. परंतु ते कोपरे भरावयाला तेथील तरुण कांहीं थोडे नाहींत. २०२५ या एका वर्षीं चीनमधील पदवीधरांची नवी तुकडी १ कोटी २२ लाखांच्या घरांत होती. जून २०२३ मध्यें सोळा ते चोवीस वर्षांच्या शहरी तरुणांतील बेकारी शेंकडा २१.३ वर गेली होती. पुढें सरकारनें विद्यार्थ्यांना वगळून मोजण्याची नवी पद्धत काढली आणि आंकडा उतरला, पण नोकरीसाठीं होणारी गर्दी ओसरली नाहीं. तेव्हां 'या तरुणांना जें येत नाहीं, असें मला काय येतें?' हा प्रश्न जाणाऱ्यानें घरीं बसूनच स्वतःला विचारावा.

आतां कायद्याकडे वळूं. परदेशी लोकांच्या प्रवेशासंबंधीं व निवासासंबंधीं चीनचा सध्यांचा कायदा १ जुलै २०१३ पासून अंमलांत आहे. त्याप्रमाणें कामाचा परवाना आणि कामासाठीं दिलेला निवास-परवाना, हे दोन्ही हातीं असल्याखेरीज नोकरी करतां येत नाहीं. परवान्यांत जें काम नमूद असेल त्याच्या कक्षेबाहेर जाणेंही बेकायदा ठरतें. पर्यटनासाठीं, व्यापारी भेटीसाठीं किंवा आप्तांना भेटण्यासाठीं मिळालेल्या व्हिसावर नोकरी करणें हा अपराध आहे, आणि विद्यार्थ्यालाही परवानगीवांचून फावल्या वेळांत काम करण्याची मोकळीक नाहीं. अपराध्याला ५,००० ते २०,००० युआन दंड होतो. प्रकरण गंभीर असेल तर त्याशिवाय ५ ते १५ दिवस अटकेंत काढावे लागतात, आणि देशाबाहेर घालविण्याचाही अधिकार पोलिसांना आहे. बेकायदा नोकरी देणाऱ्या मालकाला माणशीं १०,००० युआन दंड आहे खरा. परंतु दंड भरून मालक आपल्याच गांवीं, आपल्याच घरीं झोंपतो. घरदार मागें ठेवून आलेल्या परक्याची गोष्ट वेगळी.

परवाना कोणाला मिळतो? १ एप्रिल २०१७ पासून सबंध देशांत परदेशी कामगारांचे ए, बी आणि सी असे तीन वर्ग पाडलेले आहेत. शिक्षण, अनुभव, वेतन, वय, चिनी भाषेचें ज्ञान यांना गुण दिले जातात. ८५ वा अधिक गुण मिळविणारा ए वर्गांत, ६० वा अधिक मिळविणारा बी वर्गांत, आणि त्याखालील सी वर्गांत जातो. ए वर्गाचें स्वागत होतें, बी वर्गाला गरजेप्रमाणें प्रवेश मिळतो आणि सी वर्गावर संख्येचें बंधन असतें. आपल्याकडील बहुतेक सुशिक्षितांचा संबंध बी वर्गाशींच येईल. त्याची सर्वसाधारण अट अशी कीं, उमेदवार पदवीधर असावा, त्याच विषयांतला दोन वर्षांचा अनुभव त्याच्यापाशीं असावा, आणि वय साठीच्या आंत असावें. चिनी विद्यापीठांतून अथवा परदेशांतील नामांकित विद्यापीठांतून उच्च पदवी घेतलेल्यांना अनुभवाच्या अटींतून कांहीं सवलत आहे. इतर नव्या पदवीधरानें मात्र आधीं मायदेशीं दोन वर्षें नोकरी करावी आणि मग शांघायचें नांव काढावें, हेंच हिताचें.

रीत कशी आहे तें एका उदाहरणानें सांगतों. समजा, पुण्याच्या एखाद्या अभियंत्याला शांघायच्या कारखान्याकडून होकार आला. तो स्वतः पुण्यांतच राहतो. अर्ज तिकडे मालक करतो. त्यासाठीं अभियंत्यानें पदवीचें प्रमाणपत्र, पूर्वीच्या मालकाचें अनुभवपत्र, गुन्हेगारी नोंद नसल्याचा पोलिसांचा दाखला आणि वैद्यकीय तपासणीचा कागद द्यावयाचा. पदवी व दाखला यांवर रीतसर सरकारी प्रमाणन व्हावें लागतें, आणि त्यांत कित्येक आठवडे सहज जातात. अर्ज मान्य झाला म्हणजे परवान्याची सूचना निघते. ती दाखवून भारतांतच 'झेड' वर्गाचा व्हिसा घ्यावयाचा, आणि मगच विमानांत पाऊल ठेवावयाचें. शांघायला उतरल्यावर २४ तासांत राहत्या जागेची पोलिसांत नोंद, १५ दिवसांत कामाच्या परवान्याचा अर्ज, आणि ३० दिवसांत निवास-परवान्याचा अर्ज, असा क्रम आहे. हॉटेलांत उतरलें तर पहिली नोंद हॉटेलवालाच करतो. मित्राच्या घरीं उतरणारे मात्र ती हटकून विसरतात.

हा क्रम लांबलचक वाटतो, म्हणूनच तो टाळण्याचा मार्ग दाखविणारे दलाल निपजतात. त्यांचें बोलणें एका सांच्याचें असतें: "आधीं पर्यटक म्हणून या, कामाला लागा, कागदांचें पुढें पाहतां येईल." श्रोतेहो, हें 'पुढें' सहसा उगवत नाहीं. अशा माणसाला वेतन कमी मिळालें, उशिरा मिळालें अथवा मुळींच मिळालें नाहीं, तर दाद मागावयाला जाण्याचें त्याला धैर्य होत नाहीं. कारण तक्रार करणें म्हणजे स्वतःचाच अपराध कबूल करणें होय. दलालाचें काम येथेंच साधतें. ज्या मालकाला परदेशी माणूस खरोखरच हवा असतो, तो परवान्याचा अर्ज करण्यास कां कूं करीत नाहीं. जो करतो, त्याला एक तर माणूस नको असतो किंवा माणूस ठेवण्याचा अधिकार नसतो.

कोणत्या कामांना मागणी आहे? आपल्याकडील कंपनीनें स्वतःच्या शांघाय शाखेंत पाठविणें, हा सर्वांत निर्धोक मार्ग. टी.सी.एस. सारखी मुंबईची कंपनी २००२ पासून चीनमध्यें काम करीत आहे, आणि औषधें व यंत्रसामुग्री यांच्या व्यापारांतही असे दुवे आहेत. हुआंगपूच्या पूर्वेस पुडोंग भागांत बँका आणि पेढ्या आहेत, तर त्याच भागांतील झांगजियांग येथें औषधसंशोधन व संगणकाच्या चकत्या यांचे उद्योग आहेत. तेथें विशेष ज्ञान असलेल्याला वाव मिळतो. चिनी कंपन्या आपला माल भारत, आफ्रिका, अरबस्तान अशा देशांत नेऊं पाहतात. त्यांना त्या त्या बाजाराचा जाणता माणूस लागतो. आंतरराष्ट्रीय शाळांना गणित व शास्त्र शिकविणारे अनुभवी शिक्षक लागतात.

इंग्रजी शिकविण्याविषयीं मात्र गैरसमज फार आहे. परदेशी भाषाशिक्षकानें सामान्यतः आपली मातृभाषाच शिकवावी, असा परवान्याचा नियम आहे. त्यामुळें आपल्याकडील उत्तम इंग्रजी जाणणाऱ्यालाही या कामाचा परवाना मिळणें कठीण. शिवाय जुलै २०२१ मध्यें सरकारनें शालेय विषयांच्या खासगी शिकवण्यांवर कडक निर्बंध घातले, आणि पूर्वी परदेशी तरुणांना सहज सामावून घेणारा तो धंदाच आक्रसला.

१ ऑक्टोबर २०२५ पासून तरुण शास्त्रज्ञ व तंत्रज्ञ यांच्यासाठीं 'के' नांवाचा नवा व्हिसा निघाला आहे, आणि त्याला मालकाच्या आमंत्रणाची अट नाहीं. त्यावरून कोणतीही नोकरी करण्याची मुभा मिळाली, असा अर्थ कोणीं काढूं नये. जाण्यापूर्वीं वकिलातीकडे लेखी विचारणा करणें इष्ट.

भाषेचा प्रश्न या सर्वांच्या मुळाशीं आहे. कचेरींत इंग्रजी चालेल. परंतु घरमालक, बँकेंतला कारकून, पोलीस-चौकी आणि दवाखाना येथें चिनीवांचून गत्यंतर नाहीं. एच.एस.के. नांवाची सरकारी परीक्षा असते. तिच्या चौथ्या पायरीला जुन्या अभ्यासक्रमांत सुमारें १,२०० शब्द लागत. एवढी तयारी मुंबई-पुण्यांत राहून करतां येते, आणि परवान्याच्या गुणांतही तिचा उपयोग होतो. सोलापूरचे डॉ. द्वारकानाथ कोटणीस १९३८ मध्यें वैद्यकीय पथकाबरोबर चीनला गेले. त्यांनीं तेथील भाषा आत्मसात् केली, आणि १९४२ मध्यें मृत्यु येईपर्यंत ते तेथेंच राबले. आजही चिनी लोक त्यांना 'के दिहुआ' या चिनी नांवानें ओळखतात. पोटासाठीं जाणाऱ्यानें त्यांच्या त्यागाची बरोबरी करावी असें माझें म्हणणें नाहीं. पण भाषा शिकणाऱ्याला तो देश आपला म्हणतो, एवढें त्यांच्या चरित्रावरून घेण्यासारखें आहे.

शोध केव्हां आणि कसा करावा? चिनी नववर्षाच्या आधीं सारें थंड असतें, कारण वार्षिक बक्षिसी हातीं पडेपर्यंत कोणी जागा सोडीत नाहीं. नववर्ष झालें कीं जागा रिकाम्या होतात. म्हणून 'सोन्याचा मार्च, रुप्याचा एप्रिल' अशी म्हणच तिकडे पडली आहे, आणि तशीच दुसरी म्हण सप्टेंबर-ऑक्टोबरची आहे. अर्ज याच सुमारास करावे. लिंक्डइनचा चीनमधील व्यवहार ऑगस्ट २०२३ मध्यें बंद झाला. तेथील मालक झाओपिन, लिएपिन अशा चिनी स्थळांवर माणसें शोधतात, आणि बोलणें बहुधा वीचॅटवर होतें. ओळखीच्या माणसानें टाकलेल्या शब्दाला तेथें आपल्याइतकीच, किंबहुना अधिक, किंमत आहे.

करारनामा चिनी भाषेंत असतो. त्याचें भाषांतर विश्वासू माणसाकडून करवून घ्यावें. कामगार-कराराच्या कायद्याप्रमाणें उमेदवारीचा काळ कराराच्या मुदतीवर ठरतो, आणि तीन वर्षांच्या करारालाही तो सहा महिन्यांपलीकडे जात नाहीं. नोकरी बदलतांना जुन्या मालकाकडून कार्यमुक्तीचें पत्र घ्यावें लागतें. ही सोडचिठ्ठी मिळाल्याखेरीज दुसऱ्या मालकाच्या नांवें परवाना करून घेतां येत नाहीं. रागाच्या भरांत राजीनामा फेंकून बाहेर पडणाऱ्याला याचा अर्थ दुसऱ्या दिवशीं कळतो. आप्त म्हणून बरोबर गेलेल्या पत्नीला अथवा पतीलाही त्या व्हिसावर नोकरी करतां येत नाहीं, हें दोघांच्या मिळकतीवर संसाराचा हिशेब मांडणाऱ्यांनीं लक्षांत घ्यावें. घरभाडें एक महिन्याची अनामत आणि तीन महिन्यांचें आगाऊ, अशा रीतीनें द्यावें लागतें. पहिला पगार हातीं येण्यापूर्वींच चार महिन्यांचें भाडें गांठीं हवें.

शेवटीं घरांतील वडील मंडळींना एक विनंति. मुलानें अथवा मुलीनें शांघायचें पत्र आणून दाखविलें, तर पगाराचा आंकडा वाचण्यापूर्वीं तीन गोष्टी विचाराव्या: परवान्याचा अर्ज कोणत्या मालकाच्या नांवानें झाला आहे? व्हिसा 'झेड' वर्गाचा आहे कीं अन्य? करारांत लिहिलेलें काम आणि परवान्यांत लिहिलेलें काम एकच आहे काय? तिन्हींचीं उत्तरें कागदावर दाखवितां आलीं, तर आनंदानें निरोप द्यावा. न आलीं, तर प्रस्थान लांबणीवर टाकावें. शांघायचीं दारें कष्टाळू आणि गुणी माणसाला बंद नाहींत. पण तीं आंतून उघडावीं लागतात, आणि किल्ली मालकापाशीं असते.