गुलमर्गच्या पट्ट्याबाहेर: बर्फातला गाइड नेमकं काय करतो?

गुलमर्गचा गोंडोला महाराष्ट्रातल्या पर्यटकांच्या ओळखीचा आहे. दुसऱ्या टप्प्यावर, अफरवात डोंगराच्या खांद्यावर जवळपास ३,९५० मीटरवर उतरायचं, फोटो काढायचे, परत यायचं. त्याच डब्यातून स्की किंवा स्नोबोर्ड घेऊन उतरलेले काही जण मात्र राखलेला पट्टा सोडून बाजूच्या मोकळ्या उतारांकडे वळतात. याला बॅककंट्री स्कीइंग म्हणतात. तिथे बर्फ कुणी दाबलेला नसतो आणि तो धोकादायक आहे का, हे तपासणारंही कुणी नसतं. ते काम सोबतच्या गाइडचं.

धोका हिमस्खलनाचा. हिवाळाभर बर्फ थराथराने साचतो. खालचा एखादा थर जाड साखरेसारखा सुटा राहतो आणि त्यावर वाऱ्याने दाबलेला घट्ट थर बसतो. एका माणसाच्या वजनानेही खालचा थर खचू शकतो, आणि मग वरची अख्खी लादी घसरते. म्हणजे जीवघेणं हिमस्खलन बहुतेकदा वरून अचानक कोसळत नाही. त्यात सापडलेल्यानेच किंवा त्याच्या साथीदाराने ते सुरू केलेलं असतं. अशा लाद्या साधारण ३० ते ४५ अंशांच्या उतारावर सुटतात. स्कीवाल्यांना नेमका हाच उतार आवडतो!

त्यामुळे गाइडचं काम सकाळी निघण्याआधीच सुरू होतं. रात्री किती बर्फ पडला, वारा कुठल्या दिशेने होता, ऊन कधी चढणार? वर गेल्यावर तो खड्डा खणून थर पाहतो, उतार निवडतो, एका वेळी एकालाच सोडतो, थांबायची जागा ठरवून देतो. सगळ्यात अवघड काम म्हणजे नाही म्हणणं. मोठ्या हिमवृष्टीनंतर आकाश निवळलं की सगळ्यांना वर जायची घाई होते, आणि त्याच दिवशी धोका मोठा असतो. आठवडाभराचे पैसे भरून आलेल्या पाहुण्याला हॉटेलात बसवणं सोपं नाही.

तरी गाइड म्हणजे विमा नव्हे. १ फेब्रुवारी २०२३ रोजी अफरवातच्या हिमस्खलनात पोलंडचे दोन स्कीपटू मरण पावले, १९ परदेशी वाचवले गेले. तेव्हा स्थानिक गाइड सोबत होते. २२ फेब्रुवारी २०२४ रोजी खिलनमर्गजवळ एका रशियन स्कीपटूचा जीव गेला; त्या गटासोबत स्थानिक कुणी नव्हतं, असं बातम्यांत आलं. या दोन घटनांवरून गाइड हवा की नको, याचा निकाल लावता येत नाही. अनुभवी माणसाचा अंदाजही चुकतो, म्हणून पुढची तयारी लागते.

ती तयारी म्हणजे प्रत्येकाच्या अंगावर बीकन, पाठपिशवीत जोडता येणारी लांब सळई आणि फावडं. बीकन सतत रेडिओ संकेत सोडतो. कुणी गाडलं गेलं, की इतरांनी आपले बीकन शोधावर वळवायचे, सळईने जागा नक्की करायची आणि खणायचं. पहिल्या दहा-पंधरा मिनिटांत बाहेर काढलं तर जगण्याची शक्यता चांगली असते. त्यानंतर ती झपाट्याने घटते. खालून मदत येईपर्यंत बहुधा तेवढा वेळ उरत नाही. गाइडच गाडला गेला, तर त्याला पाहुण्यांनीच काढायचं असतं.

म्हणून नोंदणी करताना भाड्याइतकंच हेही विचारावं: बीकन प्रत्येकाला मिळणार का, आणि पहिल्या दिवशी सपाटीवर लपवलेला बीकन शोधण्याचा सराव होणार का? हवामानामुळे वर जाणं रद्द झालं तर पैशांचं काय, हेही आधीच ठरलेलं बरं. म्हणजे त्या सकाळी गाइडला नाही म्हणताना पैशांचा वाद घालावा लागत नाही.