बाहेर टाकलेला खर्च

बी. ए. च्या दुसऱ्या वर्षाला अर्थशास्त्र शिकवताना 'बाह्यता' हे प्रकरण साधारणपणे नोव्हेंबरात येते. नेमकी त्याच वेळी वर्गातील काही बाके रिकामी होतात. दिवाळी झालेली असते, साखर कारखान्यांचे बॉयलर पेटलेले असतात आणि बालाघाटच्या डोंगरपट्ट्यातून, धारूर, वडवणी, पाटोदा, शिरूर कासार या भागातून, माणसांनी भरलेले ट्रक-ट्रॅक्टर पश्चिम महाराष्ट्राकडे व कर्नाटकाकडे निघून गेलेले असतात. उरलेल्या मुलांना मी पुस्तकातले उदाहरण सांगतो. कारखान्याच्या धुराने शेजारच्या धोब्याचे कपडे काळे होतात. ते पुन्हा धुण्याचा खर्च धोब्याला पडतो, कारखानदाराच्या वहीत तो येत नाही. मुले लिहून घेतात. परीक्षेत हेच उदाहरण उतरते. रिकाम्या बाकांचा आणि या प्रकरणाचा काही संबंध आहे, हे माझ्याही लक्षात यायला दोन-तीन वर्षे गेली.

कल्पना अवघड नाही. व्यवहार दोघांत होतो. एकजण माल देतो, दुसरा पैसे देतो, दोघेही राजी असतात. परंतु त्या व्यवहाराचा काही भार तिसऱ्यावर पडतो. त्याला कोणी विचारलेले नसते आणि त्याला भरपाईही मिळत नाही. मालाच्या किमतीत हा भार धरलेला नसल्यामुळे माल खऱ्या खर्चापेक्षा स्वस्त पडतो. स्वस्त पडतो म्हणून तो हवा त्यापेक्षा जास्त पिकतो आणि खपतो. म्हणजे खाजगी खर्च एक आणि समाजाला पडणारा खर्च दुसरा. या दोहोंतील अंतराला अर्थशास्त्र बाह्यता म्हणते. ती लाभाचीही असू शकते. एका पोरीने शिक्षण घेतले की तिच्या मागच्या पिढ्यांना त्याचा फायदा होतो, आणि त्याची किंमत कोणी तिला मोजत नाही. पण येथे आपल्याला तोट्याच्या बाह्यतेविषयी बोलायचे आहे.

'बाहेर' या शब्दाचा अर्थ या नियतकालिकाच्या वाचकांना समजावून सांगावा लागत नाही. मेलेले ढोर ओढायचे, गावाची घाण उचलायची आणि राहायचे मात्र वेशीबाहेर. गाव स्वच्छ राहत होते, कारण त्याच्या स्वच्छतेचा खर्च काही माणसांच्या अंगावर टाकलेला होता. खर्चही बाहेर आणि तो सोसणारेही बाहेर.

आपल्या जिल्ह्यात डोळ्यांना दिसणारे उदाहरण परळीचे आहे. औष्णिक केंद्रात कोळसा जळतो, वीज तारांवरून दूर जाते आणि राख परळीच्या आसपासच्या गावांत राहते. ती पिकांवर बसते, घरात येते, छातीत जाते. वीज वापरणाऱ्याच्या बिलात या राखेचा हिशेब नसतो. पुढे केंद्र सरकारने १९९९ मध्ये राखेच्या वापराची सक्ती करणारी अधिसूचना काढली. राखेच्या विटा होऊ लागल्या, सिमेंटात ती जाऊ लागली, तिला भाव आला. भाव येताच तिच्यावर हक्क सांगणारे पुढे आले. राख जोपर्यंत ओझे होती तोपर्यंत ती गावकऱ्यांची होती! हे उदाहरण मुलांना लगेच पटते. राख दिसते, बोट लावले तर बोटाला लागते. उसाच्या बाबतीत तसे नाही.

बाह्यतेचा विचार पहिल्यांदा नीट मांडला तो केंब्रिजच्या ए. सी. पिगू यांनी, १९२० साली प्रसिद्ध झालेल्या 'द इकॉनॉमिक्स ऑफ वेल्फेअर' या ग्रंथात. त्याच वर्षी डॉ. बाबासाहेब आंबेडकर आपला अपुरा राहिलेला अभ्यास पुरा करण्यासाठी पुन्हा लंडनला गेले होते. पिगूंच्या ग्रंथात धुराचे उदाहरण आहे, आणि तेच पुढे सगळ्या पाठ्यपुस्तकांनी उचलले. परंतु त्याच विवेचनात पिगूंनी सर्वांत ठळक म्हणून जे उदाहरण दिले ते धुराचे नाही. बाळंतपणाच्या अगदी आधी आणि लगेच नंतर कारखान्यात राबणाऱ्या स्त्रियांचे ते उदाहरण आहे. त्या बाईला मजुरी मिळते, मालकाला माल मिळतो आणि तिच्या लेकराच्या प्रकृतीची हानी होते ती कोणाच्याच हिशेबात येत नाही, असे त्यांचे म्हणणे. अशा कामाला बंदी घालायची तर ज्या घरांची चूल त्या मजुरीवर चालते त्यांना मदतही दिली पाहिजे, हेही त्यांनी सांगून ठेवले आहे. नंतरच्या पुस्तकांनी धूर ठेवला आणि बाई वगळली.

हे वाचले तेव्हा मला घरचा हिशेब आठवला. माझे आईवडील दोघे मिळून एक 'कोयता' होते. ऊसतोडीच्या धंद्यात नवरा-बायकोच्या जोडीला एक कोयता म्हणतात. उचल कोयत्याला मिळते, मजुरीही कोयत्याच्या नावावर धरली जाते. वडील ऊस तोडत, आई मोळ्या बांधी आणि डोक्यावरून गाडीपर्यंत वाही. पहाटेपासून रात्री गाडी भरेपर्यंत तिचे काम वडिलांपेक्षा कमी नव्हते, आणि त्यापुढे कोपीतली चूल. पण मुकादमाच्या वहीत नाव वडिलांचे. माझी धाकटी बहीण फडाजवळच्या कोपीत जन्मली आणि बाराव्या दिवशी आई पुन्हा मोळी उचलायला गेली, असे आजी सांगे. मी आजीजवळ गावी राहिलो म्हणून शाळा टिकली. बहिणीची टिकली नाही. आमच्या घरातला पहिला पदवीधर मी, आणि या पदवीच्या खर्चात तिची चौथीनंतरची शाळाही धरावी लागेल.

येथे एक आक्षेप येतो आणि तो हुशार विद्यार्थीच घेतो. धोबी त्रयस्थ आहे, पण ऊसतोड कामगार तर व्यवहारातच आहे. त्याने मजुरी ठरवून घेतली, उचल घेतली. मग ही बाह्यता कशी? आक्षेप रास्त आहे. पण करार होतो कोणात? कारखाना किंवा त्याचा वाहतूकदार आणि मुकादम यांच्यात एक, मुकादम आणि घरच्या पुरुषात दुसरा. बाई दोन्हींत नाही, लेकरू तर नाहीच. शिवाय उन्हाळ्यात घरात दाणा नसताना, लग्नासाठी किंवा दवाखान्यासाठी, उचल घेणाऱ्याच्या होकाराला राजीखुशी म्हणायचे का, हाही प्रश्न उरतो. के. विल्यम कॅप या अर्थशास्त्रज्ञाने खाजगी उद्योगाच्या सामाजिक खर्चावर १९५० साली ग्रंथ लिहिला. असे खर्च हा बाजाराचा अपवाद नाही, खर्च दुसऱ्यावर ढकलण्यात उद्योगाचा फायदाच असतो, असे त्याने त्यात मांडले. मला त्याची मांडणी पिगूंच्या मांडणीपेक्षा आपल्या अनुभवाच्या जवळची वाटते.

आता हा ढकललेला खर्च किती, ते पाहू. २०१९ साली बीड जिल्ह्यातील ऊसतोड स्त्रियांच्या गर्भाशय काढण्याच्या शस्त्रक्रियांचा प्रश्न वर्तमानपत्रांतून पुढे आला. आपल्याकडे त्याला 'पिशवी काढली' म्हणतात, दाढ काढली म्हणावे तसे. जिल्ह्यातील ९९ खाजगी रुग्णालयांत तीन वर्षांत अशा ४,६०५ शस्त्रक्रिया झाल्याचे शासनाने विधिमंडळात सांगितले. नंतर नीलम गोऱ्हे यांच्या अध्यक्षतेखालील समितीपुढे आलेल्या पाहणीत ८२,३०९ ऊसतोड स्त्रियांपैकी १३,८६१ जणींची पिशवी काढलेली आढळली. म्हणजे सहा जणींमागे एक. २०१५-१६ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत १५ ते ४९ वयाच्या भारतीय स्त्रियांत हे प्रमाण शंभरात तीनच्या आसपास होते. दोन्ही पाहण्यांतील वयोगट अगदी जुळणारे नाहीत हे धरूनही अंतर लहान नाही.

कारणे गूढ नाहीत. कोपीजवळ संडास नाही, न्हाणी नाही, पाणी दूर. पाळीच्या दिवसांतही मोळी चुकत नाही. अंगावर काढलेला आजार हंगाम संपल्यावर, पट्टा पडल्यावर, दवाखान्यात जातो. तेथे कर्करोगाची भीती घातली जाते आणि पिशवी काढून मोकळे व्हा असा सल्ला मिळतो. त्यात 'खाडा' आहे. जोडीतल्या एकाने जरी दांडी मारली तरी दिवसाला ५०० रुपये कापले जातात असे त्या वेळी स्त्रियांनीच सांगितले. तेव्हाच्या दराने दोन टन ऊस तोडूनही जोडीला एवढे पैसे मिळत नसत. दर महिन्याचे दोन-तीन खाडे वाचवण्याचा हिशेब त्या बाईने केला असेल, तर तो अडाणीपणाचा हिशेब नव्हता. तिच्यापुढे ठेवलेल्या आकड्यांवरून तो बरोबर येतो. पुढची कंबरदुखी आणि हाडांची झीज त्या आकड्यांत नव्हती.

यावर उपाय कोणते? अर्थशास्त्र प्रामुख्याने तीन सांगते.

पहिला वाटाघाटीचा. रोनाल्ड कोज यांनी १९६० साली मांडले की हक्क कोणाचा हे स्पष्ट असेल आणि बोलणी करण्याला खर्च पडत नसेल, तर दोन्ही पक्ष आपसांत तोडगा काढतील. त्यांना १९९१ मध्ये नोबेल मिळाले. मात्र बोलण्यांना खर्च पडतोच, हे त्यांनी स्वतःच बजावले होते. त्यांचे नाव घेणारे ते सोयीने विसरतात. ऊसतोडीत वाटाघाटी होतात. संघटनांच्या संपानंतर साखर संघाबरोबर करार होतो. जानेवारी २०२४ मध्ये तोडणीचा दर ३४ टक्क्यांनी वाढून टनाला २७३ वरून ३६६ रुपयांच्या घरात गेला. ही लढून मिळवलेली वाढ आहे, तिला कमी लेखू नये. परंतु बोलणी होते दरावर आणि मुकादमाच्या कमिशनवर. संडास, पाळी, बाळंतपण, पोरांची शाळा यांवर बोलायला जी बसायला हवी ती त्या बैठकीत नसते.

दुसरा उपाय नियमाचा. २०१९ नंतर बीडमध्ये गर्भाशय काढण्यापूर्वी जिल्हा शल्यचिकित्सकांची परवानगी आवश्यक करण्यात आली. नियम गरजेचा होता. पण तो साखळीच्या शेवटच्या कडीला लावलेला आहे. फडावर काहीच बदलले नाही तर शस्त्रक्रिया थांबेल आणि दुखणे राहील. पिगूंनी बंदीसोबत मदत सांगितली होती, ती यासाठीच.

तिसरा उपाय कराचा, आणि तो पिगूंच्याच नावाने ओळखला जातो. ज्याच्यामुळे हानी होते त्याच्यावर हानीच्या प्रमाणात कर बसवायचा, म्हणजे बाहेरचा खर्च त्याच्या वहीत आत येतो. महाराष्ट्रात असे काही झाले आहे. गोपीनाथ मुंडे यांच्या नावाच्या ऊसतोड कामगार कल्याण महामंडळासाठी २०२१ च्या सुमारास धोरण ठरले: गाळप केलेल्या उसावर कारखान्याने टनामागे १० रुपये द्यायचे आणि तेवढेच शासनाने घालायचे. त्याच वर्षी ऊसतोड कामगारांच्या मुलांसाठी संत भगवानबाबा वसतिगृह योजनाही आली. वसतिगृह म्हणजे काय, हे ज्याची बहीण शाळेतून गळाली त्याला विचारावे.

तरी हिशेब करून पाहू. एक टन उसातून साधारण १०० ते ११० किलो साखर निघते. म्हणजे टनाला १० रुपये हा भार किलोमागे सुमारे १० पैसे पडला, शासनाचा वाटा धरून २०. साखरेच्या किमतीत सर्व बाहेर टाकलेला खर्च मिळून दहा-वीस पैसे असतो, असे कोण म्हणेल? आणि रकमेपेक्षा मोठा दोष रचनेत आहे. जो कारखाना फडाजवळ फिरते संडास उभे करील, पाळणाघर चालवील, बाळंतिणीला भरपगारी रजा देईल, त्यालाही टनाला १० रुपये. जो काहीच करणार नाही त्यालाही टनाला १०. हानी कमी करणाऱ्याचा कर कमी होत नसेल तर तो दुरुस्तीचा कर नव्हे, ती फक्त वर्गणी झाली. सुधारणा करायची तर आकारणी मोठी हवी, आणि सोयी पुरवणाऱ्याला त्यातून सूट हवी. सूट द्यायची की नाही ते कारखान्याच्या कागदावरून ठरू नये, टोळीतील बायकांच्या सांगण्यावरून ठरावे.

पैसा कोठून येणार, असे विचारले जाते. यात शेतकऱ्याची अडचण खरी आहे. तोडणी-वाहतुकीचा खर्च त्याच्या उसाच्या बिलातून कापला जातो, म्हणून मजुरी वाढली की एक-दोन एकरवाला ऊस उत्पादकही कुरकुरतो. ही रचनाच कोयत्याला आणि बांधावरच्या माणसाला एकमेकांसमोर उभी करते. म्हणून हा भार तोडणीच्या कपातीत न घालता साखर, इथेनॉल, मद्यार्क यांच्या विक्रीवर बसला पाहिजे. गोड खाणाऱ्यानेही त्यातला वाटा उचलावा.

बाळंतपणाचा खर्च कोणाचा, हा वाद आपल्याकडे जुना आहे. १९२८ साली मुंबईच्या कायदे मंडळात प्रसूतिलाभाचे विधेयक आले तेव्हा डॉ. आंबेडकरांनी त्याला पाठिंबा दिला. बाळंतपणाच्या काळात आईला विश्रांती मिळणे राष्ट्राच्या हिताचे आहे, म्हणून खर्चाचा मोठा भार सरकारने उचलावा. पण पुरुषाऐवजी स्त्रीला कामाला लावण्यात मालकाचा खास फायदा आहे, तेव्हा मालकालाही जबाबदार धरणे योग्य आहे, असा त्यांचा युक्तिवाद होता. बाह्यता हा शब्द त्यात नाही. पण कोणता खर्च समाजाचा आणि कोणता मालकाचा याची वाटणी त्यात आहे. १९२९ मध्ये तो कायदा झाला. तो गिरणीतल्या बाईला मिळाला, कारण गिरणीच्या हजेरीपटावर तिचे नाव होते.

तोडणीवर जाणाऱ्या बाईचे नाव आजही बहुतेक ठिकाणी कोयत्यात झाकलेले आहे. कराचा पैसा जमला तरी तो कोणाला द्यायचा, हे नावाशिवाय ठरत नाही. म्हणून दसऱ्यापासून दिवाळीपर्यंतच्या दिवसांत कार्यकर्त्यांनी आणि शिक्षकांनी वस्तीवस्तीत जाऊन यादी करावी: बाईचे नाव वेगळे, वय, बरोबर नेलेली लेकरे, जाण्याचा कारखाना, मुकादम, उचल कोणाच्या हातात दिली. ओळखपत्राचा अर्ज तिच्या स्वतःच्या नावाने भरावा. यंदा आमच्या वर्गातल्या नऊ मुलांनी आपापल्या गावात हे काम सुरू केले आहे. पहिल्याच दिवशी एकाने येऊन सांगितले, "सर, आईला विचारलं, तुझं नाव काय लिहू? ती म्हणाली, बापाचंच लिही, तेच चालतं." त्याने दोन्ही नावे लिहिली आहेत.