स्टेंटचा सुकाळ

5 जून 2024 रोजी अकिरा एंडो वारले, वयाच्या 90व्या वर्षी. माझ्याकडे येणाऱ्या दोन्ही पेपरांत त्यांच्यासाठी ओळभर जागा निघाली नाही. या जपानी संशोधकानं हजारो बुरश्या तपासून 1973 साली कोलेस्टेरॉल उतरवणारं पहिलं स्टॅटिन शोधलं. स्टॅटिनची गोळी घेणाऱ्या घरांतही त्यांचं नाव कुणाला माहीत नाही. स्टेंट मात्र शेंबड्या पोरालाही ठाऊक!

सुरुवातीचा इतिहास थोडक्यात उरकतो. डॉक्टर ग्रुंटझिग यांनी 1977 मध्ये झुरिकला हृदयाच्या धमनीत फुगा फुगवला, तीच अँजिओप्लास्टी; 1986 मध्ये युरोपात पहिला स्टेंट, म्हणजे धमनी उघडी धरणारी जाळी, बसला. 1994 मध्ये स्कँडिनेव्हियातल्या 4444 हृदयरुग्णांच्या चाचणीनं दाखवलं की स्टॅटिननं मृत्यू जवळजवळ एक-तृतीयांशानं घटतात. आपल्याकडे त्याचा गाजावाजा झाला नाही. गोळीचं उद्घाटन करायला मंत्री येत नाहीत.

मग 2003च्या सुमारास औषध लावलेले स्टेंट आले आणि पुढची दहा वर्षं नुसता सुकाळ. त्यातलीच एक दुपार. भाऊजींना जिना चढताना छातीत भरून यायचं, थांबलं की बरं वाटायचं. स्ट्रेस टेस्ट, लगोलग अँजिओग्राफी. कॅथलॅबचं दार किलकिलं झालं, शिशाचा एप्रन घातलेले डॉक्टर बाहेर आले. ‘ताई, सत्तर टक्के ब्लॉक आहे. टाइमबॉम्ब घेऊन फिरतायत. टेबलवरच आहेत, आत्ताच टाकून घेऊ.’ ताईच्या हातात फॉर्म, फॉर्मवर पेन. शेजारी बिलिंगचा माणूस विचारत होता, देशी टाकायचा की इम्पोर्टेड? इम्पोर्टेड लाखाच्या पुढे. तिनं बांगड्यांकडे पाहिलं आणि सही केली.

गंजलेल्या पाइपाचं चित्र तेव्हा प्रत्येक दवाखान्याच्या भिंतीवर असे. त्या चित्रानं फार नुकसान केलं. धमनीकाठिण्य हा भोकाचा आजार नाही, भिंतीचा आहे. कोलेस्टेरॉल धमनीच्या अस्तराखाली शिरतं, तिथं सूज येते, वर पातळ पापुद्रा धरतो. तो फाटला की रक्ताची गुठळी होते. तोच हार्ट अटॅक. आणि पुष्कळदा फाटतो तो निम्म्याहूनही कमी अरुंद झालेल्या जागी, जिथं कुणी स्टेंट टाकलेला नसतो. सत्तर टक्क्यांची जागा उघडून उरलेल्या धमन्यांचं काय? त्यांना लागते ती गोळी, रक्तदाब-साखरेवर लगाम आणि तंबाखूला कायमची रजा.

हे गुपित नव्हतं. 2007 मध्ये अमेरिका-कॅनडातल्या 2287 स्थिर रुग्णांच्या ‘करेज’ चाचणीत दिसलं की उत्तम औषधांच्या जोडीला अँजिओप्लास्टी केली तरी मृत्यू किंवा अटॅक कमी होत नाहीत. छातीतलं दुखणं कमी होतं, तेही थोडं नव्हे. पण बॉम्ब निकामी होत नाही. 2019च्या ‘इस्केमिया’ चाचणीनंही जवळपास तेच सांगितलं. आमच्या बिलिंग काउंटरपर्यंत ते पोचलं नाही.

फेब्रुवारी 2017 मध्ये सरकारनं औषधी स्टेंट 29,600 रुपयांवर आणि साधा 7,260 वर बांधला. एका रात्रीत किंमत एवढी कोसळते, म्हणजे आदल्या रात्रीपर्यंत पैसे कुठं जात होते, हा प्रश्न ताईनं विचारला. मला उत्तर देता आलं नाही. पॅकेजचे आकडे मात्र त्या मानानं उतरलेले मी पाहिले नाहीत.

या गदारोळात गेला तो फॅमिली डॉक्टर. ‘किती जिने चढल्यावर दुखतं? परवापेक्षा लवकर दुखतं का?’ एवढं विचारून तो निम्मं निदान करायचा, पायाची नाडीही हातानं चाचपायचा. आता त्याच्या जागी व्हॉट्सॲप आहे आणि ते स्टॅटिन बंद करायला सांगतं.

तेव्हा एवढं करा. बसल्या जागी छातीत कळ येऊन घाम फुटला तर वेळ न दवडता कॅथलॅब असलेलं रुग्णालय गाठा. तिथं अँजिओप्लास्टी जीव वाचवते. पण दुखणं जुनं, ठरावीक श्रमांनीच येणारं असेल आणि कुणी ‘आत्ताच टाकू’ म्हणालं, तर अँजिओग्राफीची सीडी मागून घ्या आणि सही करण्याआधी दुसऱ्या हृदयरोगतज्ज्ञाला दाखवा. आणि डॉक्टरांना विचारल्याशिवाय गोळी सोडू नका.